एका ॲपवर ६, दुसऱ्यावर ११: निफाडच्या बागेत या आठवड्यात थंडी नक्की किती पडणार?

दादा, प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. निफाड तालुक्यात नदीकडच्या उताराला तुमची दीड एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे, मण्यात पाणी उतरायला, म्हणजे मणी मऊ पडून गोडी भरायला, नुकतीच सुरुवात झालीये, जानेवारीचा दुसरा आठवडा चालू आहे. येत्या शुक्रवारसाठी एक ॲप किमान ६ दाखवतंय, दुसरं ११, टीव्हीवाले राज्य गारठणार म्हणून ओरडतायत आणि पारावरचे म्हणतात यंदा थंडीच नाही. शनिवार-रविवार ढगाळ होतं, रात्री गोधडी नको वाटत होती, आज सोमवारी दुपारपासून आभाळ मोकळं झालं आणि वारा उत्तरेकडून सुटलाय. घडांना पेपर गुंडाळायला मजूर आत्ता बोलवू की आठवड्याने, आणि बागेत जागायचं तर कुठल्या रात्री, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते कुठलं ॲप खरं हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमच्या प्लॉटमध्ये, घडाच्या उंचीवर, पहाटे किती होणार आणि ते कुठल्या दिवशी, एवढंच तुम्हाला हवंय. आणि ते कुठल्याच ॲपला माहीत नाही, ते तुम्हालाच काढावं लागतं, फक्त त्याला फार काही लागत नाही.

आधी माझ्याबद्दल. वेधशाळेत तीसेक वर्षं काढली, सुरुवात निरीक्षक म्हणून, नंतरची वर्षं अंदाज लिहिण्यात गेली, आता निवृत्त. द्राक्षातला मी तज्ज्ञ नाही, त्यामुळे फवारणी, संजीवकं वगैरे मला विचारू नका, त्यासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मी थंडीचंच बोलतो.

हे दोन दिवस ढगाळ आणि उबदार का गेले ते पहिल्यांदा बघू, कारण पुढचा आठवडा त्यातूनच निघतो. हिवाळ्यात आपल्या थंडीचा नळ उत्तरेला असतो. भूमध्य समुद्राकडून, इराण-अफगाणिस्तानवरून पश्चिमी झंझावात, म्हणजे ढग-पाऊस-बर्फ घेऊन येणारे हवेचे भोवरे, एकामागून एक येत राहतात, महिन्याला चार-सहा तरी. असा एखादा राजस्थान-पंजाबच्या बाजूला येतो तेव्हा आपल्याकडे वारा दक्षिणेचा-पूर्वेचा होतो, दमट हवा येते, ढग येतात आणि रात्रीचं तापमान चढतं. लोक म्हणतात थंडी गेली. मग तो हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकतो आणि त्याच्या पाठीमागून कोरडा गार वारा राजस्थान, मध्य प्रदेशावरून खान्देशात आणि मग तुमच्याकडे उतरतो. म्हणजे उबदार दोन दिवस आणि आज दुपारपासूनचा उत्तरेचा वारा ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. पारावरच्यांनी जरा थांबायला हवं होतं.

आता लोकांना उलटं वाटतं ते सांगतो. उत्तरेचा वारा जोरात चालू असतो त्या रात्री अंगाला सगळ्यात जास्त झोंबतं, पण थर्मामीटर सगळ्यात खाली त्या रात्री जात नाही. वारा वरची-खालची हवा ढवळत राहतो ना, मग जमिनीलगत गार हवा साचायला सवडच मिळत नाही. खरा नीचांक त्यानंतर एक-दोन दिवसांनी येतो, गार कोरडी हवा येऊन बसलेली असते, आभाळ काचेसारखं स्वच्छ असतं आणि संध्याकाळी सातनंतर वारा पडतो, पान हलत नाही. अशा रात्री जमीन आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडत राहते, तिला लागून असलेली हवा गार होते, गार हवा जड म्हणून ती उताराने पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगटात साचते. गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात निफाडला दरवर्षी राज्यातले सगळ्यात कमी आकडे का येतात त्याचं निम्मं उत्तर हेच. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तिथला पारा २ अंशांच्या खाली गेला होता, बागेत दव गोठलं होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसतात आणि गावात मात्र त्यापेक्षा बरीच ऊब असते, तोच प्रकार.

म्हणून माझा अंदाज विचाराल तर असा. आज रात्री आणि मंगळवारी रात्री वारा राहील, हुडहुडी भरेल, तापमान उतरेल पण तळ गाठणार नाही. बुधवारी रात्री वारा पडायला लागला तर गुरुवारची आणि शुक्रवारची पहाट या आठवड्यातल्या सगळ्यात गार पहाटा. ते सहावालं ॲप दिवसाच्या बाबतीत बरोबर वाटतंय, आकड्याच्या बाबतीत मी अजून हात वर करतो. शनिवारनंतर पुढचा झंझावात कधी येतो त्यावर सगळं अवलंबून, तो लवकर आला तर शनिवारीच ढग दिसतील आणि थंडी ओसरेल, दिवसभर उशीर झाला तर आणखी एक गार रात्र पदरात. सहाव्या-सातव्या दिवसाचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. पहिले तीन दिवस आकड्यासकट धरावेत, चौथा-पाचवा दिवस चढतंय की उतरतंय एवढ्यापुरता, त्यापुढे फक्त कल. हवामान खातं दर गुरुवारी चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढतं त्यातही म्हणूनच आठवड्याची सरासरी असते, अमुक तारखेची पहाट नसते.

ॲपांमधला फरक आता. बहुतेक ॲपं जागतिक मॉडेलमधून, म्हणजे साऱ्या जगाचं हवामान संगणकावर मांडणाऱ्या गणितातून, आकडा उचलतात. अमेरिकेचं मॉडेल साधारण १३ किलोमीटरचा एक चौकोन धरतं, युरोपचं ९ च्या आसपास. त्या एका चौकोनात तुमचं नदीकाठचं रान, पलीकडचा माळ, हायवे, गावठाण सगळं एकत्र कालवलेलं असतं आणि त्याची सरासरी काढून तुमच्या गावाचं नाव लावलेलं असतं. एकाने चौकोनात जास्त खोलगट पकडलं, दुसऱ्याने जास्त माळ, झाला पाच अंशांचा फरक. शिवाय काही ॲपं स्टेशनचं निरीक्षण मिसळून दुरुस्ती करतात, काही नाही करत. यात कुणी खोटं बोलत नाही, दोघंही तुमच्या बागेबद्दल बोलत नाहीत इतकंच. पुण्याचं बघा, एकाच सकाळी पाषाणला, एनडीएला एक आकडा असतो आणि मगरपट्ट्याला त्यापेक्षा पाच-सहा अंश जास्त, आणि बातमीत येतं 'पुणे'.

दुसरा घोळ 'थंडीची लाट' या शब्दाचा. टीव्हीवर जरा गार झालं की लाट. खात्याच्या पुस्तकात मैदानी भागासाठी किमान तापमान १० किंवा खाली हवं आणि शिवाय ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार ते ६.४ अंशांनी कमी हवं, त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. किंवा मग सरासरी बाजूला ठेवून सरळ ४ किंवा खाली गेलं तर लाट, २ किंवा खाली तर तीव्र. तेही उपविभागात किमान दोन स्टेशनांवर, सलग दोन दिवस. आपल्या राज्याचे उपविभाग चारच, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ, त्यात तुम्ही मध्य महाराष्ट्रात. नाशिकची जानेवारीतली सरासरीच १० च्या आसपास असते, म्हणजे सकाळी ७ झालं तरी कागदावर लाट नाही. कोकण किनाऱ्याला मात्र १५ पर्यंत उतरलं आणि सरासरीपेक्षा साडेचारने कमी असलं की लाट म्हणता येते, त्यामुळे मुंबईवर कुणी हसू नका. सांगायचा मुद्दा, 'लाटेचा इशारा नाही' याचा अर्थ 'तुमच्या मण्यांना धोका नाही' असा घेऊ नका. इशारा जिल्ह्यासाठी असतो, यलो, ऑरेंज वगैरे रंगात, तो माणसं, जनावरं, पिकं सगळ्यांचा मिळून विचार करून दिलेला असतो.

आता मुख्य काम, तुमच्या बागेचा फरक काढणं. वेधशाळेचं तापमान म्हणजे पांढऱ्या लाकडी पिंजऱ्यातलं, साधारण चार फुटांवरचं, चारी बाजूंनी झडपा, थेट आभाळ नाही, थेट ऊन नाही. सकाळी साडेआठला तो पिंजरा उघडून किमान वाचायचं, माझी पहिली काही वर्षं यातच गेली. गंमत म्हणजे किमान तापमापकात पारा नसतोच, अल्कोहोल असतं. त्यात टाचणीएवढी एक बारीक काळी कांडी असते, रात्री अल्कोहोल आकसत गेलं की ते तिला सोबत मागे ओढतं आणि सकाळी परत पसरलं की तिला तिथंच सोडून पुढे निघून जातं. कांडीचं वरचं टोक जिथे थांबलं तो रात्रीचा नीचांक. वाचून झालं की नळी थोडी तिरकी करायची, कांडी घरंगळत पुन्हा टोकाला येते. तर 'पारा घसरला' हे आपलं बातमीपुरतं.

हे सांगितलं कारण बऱ्याच शेतकऱ्यांचा थर्मामीटर ओट्यावरच्या भिंतीला असतो. भिंत रात्रभर दिवसाची ऊब सोडते, वर पत्र्याचं छप्पर, तो आकडा तीन-चार अंश जास्तच येणार. उलट काहीजण तो उघड्यावर तारेला बांधतात, तिथे त्याच्यावर दव पडतं, तो सरळ आभाळाकडे गार होत राहतो आणि खरी हवा असते त्यापेक्षा कमी दाखवतो. तुम्ही एक करा, साधा डिजिटल कमाल-किमानवाला घ्या, प्लॉटच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात घडाच्या उंचीला बांधा आणि वर एक पांढरी प्लास्टिकची ताटली उपडी लावा, हवा खेळू द्या. दुसरा मिळाला तर वरच्या बांधाकडे. एका बागेत मी असे दोन लावले होते, मध्ये अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर, उतार डोळ्याला जाणवणारही नाही असा, आणि शांत पहाटे फरक तीन अंशांचा निघाला. मालकाने वीस वर्षं ती बाग केली होती, खालच्या ओळींना दरवर्षी मणी तडकतात म्हणून तो जमिनीला दोष देत होता.

असे सात-आठ दिवस तुमचा आकडा आणि कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पेपरात येणारा आकडा शेजारी-शेजारी लिहा. फक्त शांत, निरभ्र रात्रींचे जोड वेगळे काढा, कारण ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री सगळीकडे जवळपास सारखंच असतं, तिथे फरक दिसणार नाही. समजा शांत रात्री तुमचं दोनने कमी येतं, तर पुढे अंदाज ७ चा आला की तुम्ही ५ धरायचे. एवढं झालं की कुठल्याही ॲपचा राग येत नाही, ॲप एकच धरा आणि त्याची खोड ओळखून घ्या.

रोज संध्याकाळी सहा-सात वाजता तीन गोष्टी बघायच्या. पहिली आभाळ. दुसरी वारा, उदबत्ती लावली तर धूर सरळ वर जातो का आडवा पळतो. तिसरी, आणि ही सहसा कुणी बघत नाही, ती म्हणजे ॲपमधला दवबिंदू. हवा गार होत होत दवबिंदूला पोचली की दव पडायला लागतं आणि त्या दव पडण्यातून उष्णता बाहेर येते, त्यामुळे तिथून पुढची घसरण मंदावते. म्हणून संध्याकाळचा दवबिंदू १२ असेल तर निवांत झोपा, सकाळी धुई फार तर दिसेल. दवबिंदू ४-५ असेल, आभाळ मोकळं आणि वारा पडलेला, तर घड्याळात पहाटे तीनचा गजर लावा. हा नियम काटेकोर नाही, गार कोरडी हवा रात्रीत नव्याने आली तर फसवतो, पण संध्याकाळी हाताशी असलेलं याहून बरं काही मला माहीत नाही. आणि एक दिवस आधीची चाहूल हवी असेल तर सकाळी जळगाव, धुळे, मालेगावचे किमान आकडे बघा, थंडी त्याच वाटेने येते, तिथे एका रात्रीत चार-पाच अंश उतरले की दुसऱ्या दिवशी तुमचा नंबर.

फसतो कुठे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा फारच खात्रीने बोलतोय. एकदा मी चार दिवस आधी 'पाच अंशांखाली' असं सांगून मोकळा झालो. सगळं तंतोतंत जुळत होतं, संध्याकाळही स्वच्छ. मध्यरात्रीनंतर पश्चिमेकडून मधल्या उंचीवरच्या ढगांची एक चादर सरकत आली, कुणाला दिसलीही नाही, सकाळी १२. एका बागायतदाराने रात्रभर बागेत लाकडं जाळली होती, साडेसातला त्याचा फोन, "साहेब, लाकडाचं बिल कुणाच्या नावाने फाडू?" तेव्हापासून मी चौथ्या दिवसाचा आकडा देत नाही, आणि लाकडं पेटवायच्या आधी रात्री एकला बाहेर येऊन चांदण्या बघा असं सांगतो. चांदण्या पुसट झाल्या की परत झोपायचं.

बंगालच्या उपसागरातूनही घात होतो, पण तो जास्त करून नोव्हेंबर-डिसेंबरात. २०२४ ला नोव्हेंबरअखेर मस्त थंडी पडली होती, ३० तारखेला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ धडकलं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे ढग येऊन सगळी थंडी गायब. जानेवारीत ती भीती कमी. गारपिटीचं विचाराल तर त्याला झंझावाताचा गार वरचा वारा आणि समुद्राची दमट हवा दोन्ही एकत्र यावी लागतात, २६ नोव्हेंबर २०२३ ला तुमच्याच पट्ट्यात तसं झालं होतं, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर राज्यभर. तुम्ही सांगताय तशा कोरड्या उत्तरेच्या वाऱ्यात या चार-पाच दिवसांत मला तो धोका दिसत नाही. ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी गार पडणं, आहे का नाही हेही या आठवड्यापुरतं विसरा, ती गोष्ट हंगामाची आहे.

आता बागेत काय. शेकोटीबद्दल मोठा गैरसमज आहे की धूर केला की वर पांघरूण होतं. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निसटणारी उष्णता ते फारशी अडवत नाहीत, काम करते ती जाळाची ऊब. आणि शांत रात्री दहा-बारा मीटर वर हवा खालच्यापेक्षा गरम असते, एकच मोठा जाळ केला तर त्याची ऊब तो थर भेदून वर निघून जाते, खाली काही उरत नाही. म्हणून ओला पाला टाकून धुराचे लोट काढण्यापेक्षा वाळकी लाकडं घेऊन छोट्या-छोट्या शेकोट्या, त्याही खोलगट कोपऱ्यात आणि उताराच्या वरच्या बाजूने, पहाटे तीन ते सूर्य उगवून थोडा वर येईपर्यंत. नीचांक बऱ्याचदा सूर्योदयाच्या आगेमागेच येतो, साडेपाचला कंटाळून विझवू नका.

पाणी हे त्याहून सोपं. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री सावकाश सोडते, विहिरीचं पाणीही हवेपेक्षा कोमट असतं, म्हणून पहाटे ड्रीप चालवायचा सल्ला कृषी विद्यापीठं देतात. पण तुमचा माल पाणी उतरण्याच्या अवस्थेत आहे. आठ दिवस ताण देऊन एकदम भरपूर पाणी आणि वरून गार रात्र, हे मणी तडकायला आमंत्रण. त्यापेक्षा उद्यापासूनच रोज थोडं-थोडं देऊन ओल सारखी ठेवा, पहाटेचं पाणी त्याच हिशोबातलं, वेगळं वरचं नाही. जमीन भारी काळी असेल तर आणखी हात आखडता, मुरमाड असेल तर थोडी मोकळीक, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मजुरांचं उत्तर मात्र सरळ आहे, आठवड्याने नको, मंगळवार-बुधवारीच लावा. पेपर लावायचा तो पिंक बेरी, म्हणजे मणी गुलाबी पडणं, टाळायला, आणि ती दिवस-रात्रीच्या तापमानातल्या मोठ्या फरकाने येते असं द्राक्षवाले सांगतात, आणि तो फरक सगळ्यात मोठा नेमका गुरुवार-शुक्रवारी असणार, निरभ्र असल्यामुळे दुपारी २८ च्या आसपास आणि पहाटे एक आकडी. दीड एकराला सगळे मजूर मिळाले नाहीत तर खालच्या ओळींपासून सुरुवात करा. शेजारच्या कांदावाल्यांना डेंगळ्यांची, म्हणजे कांद्याला फुलाचे दांडे येण्याची, चिंता लागेल, गहूवाले तेवढे खूश असतील.

सरकारी मेघदूत ॲपवर तुमच्या जिल्ह्याचा मराठीतला कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, उद्याचा आला की माझ्या अंदाजाशी ताडून बघा, त्यात बुधवारनंतर ढग दिसत असतील तर माझं सोडा आणि त्यांचं धरा, त्यांच्याकडे ताजे नकाशे आहेत.

थर्मामीटर आज मिळाला तर आजच बांधा. बुधवारी संध्याकाळी सहाचा दवबिंदू, वारा आहे का पडलाय, आणि मंगळवार-बुधवारच्या पहाटेचे तुमच्या कोपऱ्यातले दोन आकडे एवढं कळवा, शुक्रवारच्या पहाटेचा आकडा मग मी एक-दोन अंशांच्या फरकात सांगतो.